टाकाऊ शीतयंत्रांचा पुनर्वापर

दिल्लीच्या उत्तर रिजवरील विल्यम फ्रेझर यांचा बंगला, १८३५ मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर, मराठा सरदार हिंदुराव घाटगे यांनी घेतला. पुढे त्यांच्याच नावाने तेथे रुग्णालय उभे राहिले. वास्तूला जसा नवा उपयोग लाभतो, तसा तो यंत्रालाही लाभू शकतो.

शीतयंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला मोडीत निघालेला फ्रिज केवळ भंगार वाटत नाही. त्याच्या कॉम्प्रेसरपासून घरी हवा भरण्याचा पंप करता येईल का, असे कुतूहल त्याच्या मनात स्वाभाविकपणे जागे होते. परंतु नळी कापण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : आत कोणता वायू आहे?

जुन्या फ्रिजमधील आर-१२ हा वायू ओझोन थराचा नाश करतो. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही. मात्र शंभर वर्षांच्या काळात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट असते. आर-६००ए या वायूचा हवामानावरील परिणाम अत्यल्प आहे, पण तो ज्वलनशील आहे.

भारत १९९२ मध्ये मॉन्ट्रियल प्रोटोकॉलमध्ये सहभागी झाला आणि २०२१ मध्ये त्याने किगाली दुरुस्तीस मान्यता दिली. असे करार नव्या उत्पादनास आळा घालतात. जुन्या यंत्रांत साठलेला वायू मात्र तंत्रज्ञाच्याच हाती असतो. म्हणूनच तो वायू सिलिंडरमध्ये सुरक्षितपणे काढून घेणे ही पुनर्वापराची पहिली पायरी ठरते. त्यासाठीची साधने व प्रशिक्षण छोट्या कारागिरापर्यंत पोहोचले, तरच त्याचे कुतूहल पर्यावरणाच्या कामी येईल.