शिक्का, फॅक्स आणि फ्लॉपी

यंत्रमानव घडवणाऱ्या जपानमध्ये कचेरीतलं सगळं काम संगणकावरच होत असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात 2020 मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, तिथले डॉक्टर रुग्णांची माहिती हाताने भरून फॅक्सने पाठवत होते. सरकार म्हणे, घरून काम करा. आणि कर्मचारी लोकल गाठून ऑफिसात जात, ते कागदावर ‘हांको’ उमटवायला! हांको म्हणजे नावाचा छोटा शिक्का. आधी कारकुनाचा, मग साहेबाचा, मग मोठ्या साहेबाचा, असे लाल ठसे ओळीने पडत जातात.

जपानचे तत्कालीन मंत्री तारो कोनो यांनी आधी या शिक्क्यांविरुद्ध, मग 2022 मध्ये फ्लॉपीविरुद्ध, म्हणजे माहिती साठवायच्या जुन्या चकतीविरुद्ध, मोहीम उघडली. सोनीने 2011 मध्येच फ्लॉपी विकणं थांबवलं होतं, तरी हजारावर सरकारी नियमांत ती शिल्लक होती. 2024 मध्ये ती जवळपास हद्दपार झाली. फॅक्स मात्र चिवट. तो हटवण्याचा बेत सरकारी खात्यांनीच हाणून पाडला.

याउलट एस्टोनिया या चिमुकल्या देशात 2000 पासून मंत्रिमंडळाच्या बैठकीत कागद नाही. ओळखपत्र संगणकाला जोडायचं, पिन टाकायचा, झाली सही. कायद्याने ती हातच्या सहीइतकीच पक्की.

हा फरक श्रीमंतीचा नव्हे. जपानची कागदी व्यवस्था चोख चालत होती, मग मोडायची घाई कुणाला? 1991 मध्ये स्वतंत्र झालेल्या एस्टोनियाला नवी घडी बसवावीच लागणार होती. तिथेही लग्न-घटस्फोटासाठी बरीच वर्षं कचेरीचा उंबरा झिजवावा लागेच म्हणा!