आधी मासा दिसू द्या, मग गळ टाका

या भागाचा विषय जरा वेगळा आहे: डोळ्यांनी मासा शोधून पकडणं. बऱ्याच जणांनी रील्समध्ये पाहिलं असेल. फ्लोरिडा, बहामाज इकडच्या समुद्रकाठी गुडघाभर पाणी, एक माणूस बोटीच्या टोकावर उभा, बोट पाण्याकडे. भरतीबरोबर बोनफिश नावाचा मासा त्या उथळ पाण्यात चरायला येतो. तोंड चिखलात, शेपूट पाण्याबाहेर. तो दिसला की त्याच्यापुढे गळ टाकायचा. दिसला नाही तर टाकायचाच नाही.

मी नागभीडचा. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. पण हाच खेळ आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात चालतो, आणि जागा आहे मामा तलाव. मामा म्हणजे आईचा भाऊ नाही हं, माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव, त्यात कोहळी समाजाचं मोठं काम. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि हे नाव चिकटलं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया मिळून असे हजारो तलाव आहेत. त्याहून लहान असते ती बोडी.

या तलावांची रचना समजून घ्या. एका बाजूला पाळ, तिथे पाणी खोल. समोरची बाजू, जिथून पावसाचं पाणी आत येतं, ती हळूहळू चढत जाते. मार्च येईपर्यंत धानाला पाणी देऊन तलाव उतरलेला असतो. ती समोरची बाजू गुडघाभर, कधी घोटाभर पाण्याची होते. तीच आपली उथळ पट्टी.

आता बघायचं कसं?

पहिली गोष्ट, ऊन. सूर्य पाठीमागे हवा आणि जरा वर आलेला. साधारण नऊ ते अकरा. वारा पडलेला असला तर सोन्याहून पिवळं. पाण्यावरून जी चमक डोळ्यात येते ती बरीचशी पोलराइज्ड असते, म्हणून पोलराइज्ड गॉगल लावला की ती कापली जाते आणि तळ दिसतो. दुकानदार म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका. लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर गॉगल धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडली तर गॉगल खरा.

दुसरी गोष्ट, मासा दिसतो तिथे नसतो. बारावीचं फिजिक्स आठवा, पाण्याचा अपवर्तनांक १.३३. सरळ वरून पाहिलं तर चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो. तिरकं पाहिलं तर आणखी वर. म्हणून भाल्यानं मासा मारणारा नेहमी माशाच्या खाली नेम धरतो, सूत्र न शिकता.

तिसरी गोष्ट, तोही तुम्हाला पाहतोय. माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या शंकूतून. तुम्ही जितके उंच, तितके त्या खिडकीत स्पष्ट. वाकून, लांबून चाललात तर खिडकीच्या कडेला दबलेली पुसट रेघ होता. पांढरा शर्ट घरी ठेवा. आणि पाय आपटू नका, चिखलातून धमक आधी पोचते.

चौथी गोष्ट, अख्खा मासा शोधू नका. आमच्याकडचे एक ढिवर काका मला म्हणाले होते, "पाण्याकडं नको पाहू बापू, बुडाकडं पाहा." म्हणजे सावली पाहा. मासा पाण्याच्या रंगाचा असतो, सावली नसते. बुडबुड्यांची सरकती रांग दिसली तर खाली कोणीतरी चिखल उकरतंय, बहुतेक मृगळ. कमळाचा देठ वारा नसताना हलला, तर आत कोणीतरी आहे. आणि 'गुडूप' असा आवाज होऊन पाण्यावर एक वर्तुळ उठलं, तर मरळ.

मरळीवर जरा थांबू, कारण खरा मुद्दा तिच्यापाशी आहे. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून उतरलेल्या, गरम, गढूळ पाण्यातही ती जगते. आणि म्हणूनच ती दिसते. बाजारात भाव चांगला, काटे कमी, झुंज जोरदार. सगळ्यांना तीच हवी.

मरळ आपली पिल्लं राखते. जोर पावसाळ्यात असतो, पण बारमाही पाण्यात इतर वेळीही पिल्लं दिसतात. लालसर-नारिंगी पिल्लांचा एक घोळका पाण्यावर खदखदताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप. यूट्यूबवर सांगतात, घोळक्यातून गळ ओढा, ती चिडून झडप घालते. घालते, खरंय. ती खायला येत नाही, पिल्लांना वाचवायला येते. तिला उचललं की उरलेल्या पिल्लांवर बाकीचे मासे ताव मारतात. एका माशासाठी अख्खी पिढी. डोळ्यांनी मासेमारी करण्याचा फायदाच हा की टाकण्याआधी कळतं समोर कोण आहे, काय करतंय. जाळ्याला ते कळत नाही. मग कळूनही टाकायचं, तर डोळे कशाला हवेत? घोळका दिसला की गळ गुंडाळा. माझा एवढा एकच हट्ट आहे.

आता परवानगी. तलाव गावाचा दिसतो, मोकळा दिसतो, पण मासा बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थेचा असतो. बीज त्यांनी सोडलेलं, ठेका त्यांनी भरलेला. वनहक्क कायदा २००६ मध्ये पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्कही लिहिलेला आहे. तेव्हा आधी जाऊन विचारा, "काका, एक-दोन तास बसू का?" बहुतेक जण हो म्हणतात, वर जागाही दाखवतात. धरलं तर सांगा, पैसे द्या. अभयारण्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय गळ काढायचाच नाही. आमच्याकडे घोडाझरी अभयारण्य २०१८ पासून आहे.

आणि वाघ. हसू नका. नागभीड ब्रह्मपुरी वनविभागात येतं, इथे माणूस-वाघ संघर्ष रोजच्या बातम्यांत असतो. उन्हाळ्यात जंगलातलं पाणी आटतं आणि वाघ तलावावर येतो, पहाटे आणि सांजेला. त्याच दिवसांत माणसं मोह वेचायला जातात. वाकून, एकट्यानं, झुडपाकडे पाठ करून काठावर बसणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. सुदैवानं मासा दिसायची वेळ चढत्या उन्हाची आहे. नऊच्या आधी जायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, कानात इअरफोन घालायचे नाहीत. हो, माझा पॉडकास्टसुद्धा नाही.

शेवटचं. हे सगळं तलाव स्वच्छ असेल तरच. बेशरमाची झाडी वाढली, गाळ भरला, पाणवनस्पती गेल्या की देशी मासा जातो. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजासोबत उलटं करून दाखवलंय. बेशरम उपटायचं, देशी पाणवनस्पती परत लावायच्या. त्यात ढिवर बायांचा वाटा मोठा आहे. चिखलात कमरेइतकं उतरून केलेलं काम आहे ते.

या सुट्टीत गावी गेलात तर पहिल्या दिवशी गळ नेऊच नका. गॉगल न्या, सोबत कोणाला तरी न्या, तासभर नुसतं बघा. काय काय दिसलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. तलावाचं नाव सांगा, मरळीची नेमकी जागा नको. चला, भेटू.