दंत-आरोग्यक : एक दुर्लक्षित व्यवसाय

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या पनवेल येथील विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न कानी येतो : 'डॉक्टरकीला प्रवेश मिळाला काय?' मिळाला तर पेढे वाटले जातात. न मिळाला तर मुलाचे शिक्षणच वाया गेले, अशा मुद्रेने मंडळी बसून राहतात. या दोन टोकांच्या मध्ये काही सन्मान्य व्यवसाय आहेत. त्यांपैकी दंत-आरोग्यकाच्या, म्हणजे डेंटल हायजिनिस्टच्या, व्यवसायाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

अमेरिकेतील ब्रिजपोर्ट शहरी आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्यांनी १९०६ साली आपल्या साहाय्यक आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले. दुखरा दात उपटण्यापेक्षा तो दुखूच नये अशी तजवीज करावी, हा त्यांचा विचार होता. १९१३ मध्ये त्यांनी या विद्येचे वर्ग सुरू केले, आणि तेथे शिकलेल्या स्त्रिया शहरातील शाळांतून मुलांच्या दातांची निगा राखू लागल्या.

आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने या व्यवसायास मान्यता दिली. दातांवर साचणारा मऊ थर वेळीच न निघाल्यास लाळेतील क्षारांनी त्याचे कठीण कीटण बनते. ते ब्रशाने निघत नाही. त्यामुळे हिरड्या सुजतात, रक्त येते, आणि पुढे दाताचा आधारच ढासळतो. हे कीटण हत्याराने काढणे, दातांना झिलई देणे आणि रोग्यास स्वच्छतेचे शिक्षण देणे, हे दंत-आरोग्यकाचे काम. दात भरणे किंवा काढणे हे मात्र दंतवैद्याचेच काम होय. मशेरी व तंबाखू यांनी आमच्या किती मायबहिणींचे दात अकाली गेले, हे येथे सांगावयास नकोच. त्यांना समजावून सांगणारे आपुलकीचे माणूस आज हवे आहे.

आरोग्यविद्या पनवेलला परकी नाही. १८७२ साली स्थापन झालेल्या धूतपापेश्वर औषधी कारखान्याने या गावाचे नाव दूरवर नेले. आज तालुक्यात कामोठे येथे महात्मा गांधी मिशनचे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. हे काम कसे चालते, ते मुलांनी अशा ठिकाणी जाऊन प्रत्यक्ष पाहावे.

बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यास ही पदविका दोन वर्षांत मिळविता येते. मात्र संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही, हे आधी पडताळावे, आणि उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करावी. नोंदणीस न चालणारे प्रमाणपत्र म्हणजे पैसा व वय दोहोंचा नाश. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. तेव्हा प्रवेशसमयीचे नियम अवश्य पाहावेत.

दुसरी बाजूही आम्ही झाकून ठेवीत नाही. आपल्याकडे बहुतेक दंतवैद्य हे काम स्वतःच करतात. म्हणून जागा मर्यादित आहेत आणि प्राप्ती दंतवैद्याएवढी नाही. स्वतंत्र दवाखाना थाटता येत नाही. परदेशी जावयाचे झाल्यास तेथील परीक्षा व परवाना वेगळा लागतो. म्हणून चौकशी करूनच पाऊल टाकावे. परंतु इच्छा नसता तिसऱ्यांदा प्रवेशपरीक्षेस बसविण्यापेक्षा, आवड असलेल्या मुलास दोन वर्षांत स्वतःच्या पायावर उभे करणे शहाणपणाचे नव्हे काय?

मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्या शिष्यवृत्त्या पदवीधरांपुरत्या न ठेवता पदविकेच्या विद्यार्थ्यांनाही द्याव्यात. आणि गृहिणींना विनवणी ही की, 'लोकांचे दात घासते' असे म्हणून कोणा मुलीचे स्थळ नाकारू नये. जी दुसऱ्याचे दात राखते, तिच्या कष्टाला हसणे आपल्या तोंडी शोभत नाही.