करमाडच्या रानातून गोदावरीच्या मुखाशी



मराठवाड्यातल्या करमाडपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. मग इथे भरलेल्या परिषदेत नदीमुखाची चर्चा कशासाठी, हा प्रश्न अनेकांच्या मनात असेल. त्याचे उत्तर गावाबाहेरच्या ओढ्यात आहे. या भागातले पाणी दुधनेच्या खोऱ्यात उतरते. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहते आणि आंध्रात, धवलेश्वरमच्या खाली, गौतमी आणि वसिष्ठा अशा फाट्यांनी बंगालच्या उपसागरात शिरते.

या पाण्याबरोबर काय जाते? युरियाची एक गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे जवळपास २१ किलो. कपाशीला किंवा मक्याला युरिया फोकून दिला आणि त्याच रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर हे खत मुळांना लागण्याआधीच विरघळून सरीतून नाल्याला लागते. सकाळी तोच नाला गढूळ, काळपट पाण्याने फुगलेला दिसतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन त्या पाण्यात सिलिकाही मिसळते. डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ तिच्यापासून काचेसारखे कवच बांधते. नदीमुखातल्या कोळंबी-मासळीच्या अन्नसाखळीत या शेवाळाला मोठे स्थान आहे. पण धरणाच्या संथ पाण्यात डायटम आधीच वाढतात, मरतात आणि सिलिकेसह तळाशी बसतात. खाली नत्र भरपूर, सिलिका कमी, असे पाणी गेले की इतर शेवाळांचे फावते. डॅन्यूब नदीवर धरण झाल्यावर काळ्या समुद्रात शास्त्रज्ञांनी हाच बदल नोंदवला.

नदीमुखाची स्वतःची पचनशक्ती असते. चिखलातले जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात, गोदावरीच्या मुखावरच्या कोरिंगाच्या तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात. या कामाला वेळ लागतो, आणि नेमका तो वेळच हवामानबदल हिरावून घेतो आहे. पाऊस थोड्या दिवसांत एकवटला की पूर नत्र पचण्याआधीच ते समुद्रात लोटतो. उन्हाळ्यात धवलेश्वरमच्या बंधाऱ्याखाली प्रवाह आटतो आणि खारे पाणी आत चढते. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी राहतो: २० अंशांना गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात.

टंचाई आणि अतिवृष्टीची ही टोके मराठवाड्याने स्वतः भोगली आहेत. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने उभी पिके मातीसकट वाहून गेली.

म्हणून या परिषदेपुढे दोन कामे ठेवतो. पहिले शेतातले: युरियाचे हप्ते पाडावेत, ओल पाहून तो मातीआड करावा, ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखावा. दुसरे मोजणीचे: करमाड परिसरातल्या शाळा-महाविद्यालयांनी मृगाच्या पहिल्या पावसात ओढ्याचे आणि विहिरींचे नमुने घेऊन नायट्रेट तपासावे, आणि दर पावसाळ्यात त्याच ठिकाणी पुन्हा घ्यावे. पहिल्या वर्षीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले, की कोणत्या शिवारातल्या पाण्यात किती नायट्रेट आहे, ते शेतकऱ्याला तिथेच वाचता येईल.