फोटो काढला, पण जाळं ठेवू कुठं?

आज मी माझ्याच एका फसलेल्या ॲपची गोष्ट सांगणार आहे. विषय आहे मासेमारीतून समुद्रात जाणारं प्लास्टिक. थांबा, लगेच स्किप करू नका. ‘पिशव्या वापरू नका’ असलं लेक्चर यात नाहीये.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, अगदी समुद्राला लागून. मामाची होडी आहे, तो स्वतः तांडेल. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या हॅकेथॉनमध्ये आम्ही चौघांनी एक ॲप बनवलं. समुद्रात सुटलेलं जाळं दिसलं की फोटो काढायचा, जीपीएसवरून जागा आपोआप नोंदली जाणार आणि नकाशावर लाल ठिपका उमटणार. दुसरं बक्षीस मिळालं, लिंक्डइनवर पोस्टसुद्धा टाकली.

गणपतीला गावी गेले तेव्हा मोठ्या कौतुकाने मामाला दाखवलं. त्याने शांतपणे सगळं बघितलं, ठिपक्यावर बोट ठेवून झूम करून पाहिलं. मग म्हणाला, “अगो बाय, फोटो काढला, पाठवला, बरं झालं. पण जाळं ठेवू कुठं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि आमच्या बंदरावरही नव्हतं.

आधी हे जाळं म्हणजे काय ते बघू. पणजोबांच्या काळात जाळी सुताची, सणाची असायची. हरवली तर काही दिवसांनी कुजून जायची. मग नायलॉन आलं. हलकं, मजबूत, न कुजणारं. मच्छीमाराला हवं होतं तेच. पण पाण्यात न कुजणं हा जो गुण, तोच जाळं हरवल्यावर दोष होतो. सुटलेलं जाळं मालकाशिवाय मासे धरत राहतं. अडकलेला मासा मरतो, त्याच्या वासाने खेकडे येतात, तेही अडकतात. म्हणून जगभर याला ‘घोस्ट नेट’ म्हणतात. भुताचं जाळं म्हणा हवं तर. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते तळाला बसतं. दोर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिथिलीनचे, ते तरंगतात. म्हणजे एकाच जाळ्याचे तुकडे तळाशीही सापडतात आणि किनाऱ्यावरही.

आता आकडा एकच सांगते. प्रशांत महासागरात तरंगणाऱ्या कचऱ्याचा मोठा पट्टा आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या प्लास्टिकच्या वजनात 46 टक्के वाटा एकट्या मासेमारीच्या जाळ्यांचा होता.

हे ऐकलं की पहिला राग येतो मच्छीमाराचा. मलाही आला होता. पण मामाचं एक जाळं असंच गेलं होतं. रात्री एक ट्रॉलर वरून गेला आणि जाळं कापलं गेलं. दुसरा अख्खा दिवस मामा डिझेल जाळत शोधत फिरला. सापडलं नाही. मामी तेव्हा म्हणाली होती, “जाळं गेलं, कर्ज तेवढं राहिलं.” जाळं मुद्दाम कोण टाकेल? हरवतं तेव्हा पहिलं नुकसान त्याचंच होतं.

मुद्दाम फेकलं जातं ते वेगळं. दुसऱ्या कुणाचं फाटकं जाळं आपल्या जाळ्यात आलं, की खलाश्यांनी ते होडीत घ्यायचं, मासळीची जागा अडवायची, बंदरावर उतरवायचं. आणि तिथे? कचऱ्याचा डबा आहे चहाच्या कपांएवढा. भंगारवाला म्हणतो, नायलॉन, दोर, शिसे, फ्लोट सगळं गुंतलंय, वेगळं करून आण. म्हणजे ज्याने समुद्रातून कचरा काढला, त्याच्याच डोक्यावर त्याचा खर्च. मग तो परत पाण्यात गेला तर नवल काय?

इंजिनिअर मंडळींना लगेच कळेल. माझं ॲप एरर लॉग करत होतं, हँडल करत नव्हतं. लॉग कितीही सुंदर असला तरी सिस्टीम क्रॅश व्हायची ती होतेच.

मग मी शोधायला लागले की हँडल कुणी केलंय. पहिलं उत्तर आपल्याच देशात मिळालं. केरळमध्ये कोल्लमजवळ नीण्डकरा बंदर आहे. तिथे 2017 मध्ये ‘शुचित्व सागरम्’ उपक्रम सुरू झाला. जाळ्यात येणारं प्लास्टिक परत आणायला बोटींना पिशव्या दिल्या. बंदरावर ते उतरवून घ्यायची सोय केली. स्थानिक बायकांना ते धुण्याचं, वेगळं करण्याचं काम मिळालं, बारीक तुकडे करायचं मशीन बसवलं आणि तो चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. ॲप नव्हतं. पिशवी, जागा आणि मजुरी होती.

नॉर्वेमध्ये सरकार 1983 पासून दरवर्षी हरवलेली जाळी शोधून बाहेर काढतं. तिथे जाळं हरवलं तर कळवावं लागतं. युरोपीय संघाच्या 2019 च्या नियमात तर स्पष्ट आहे, जाळ्यात आपोआप आलेला कचरा बंदरावर दिला तर त्याची वेगळी फी घ्यायची नाही.

आणि महाराष्ट्र? आपल्याकडे 2018 पासून एक योजना आहे. कासव किंवा व्हेल शार्कसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून फोटो लागतात. बघा, इथे फोटो कामाचा ठरतो, कारण फोटोच्या पलीकडे कुणीतरी खर्च उचलायला उभं आहे. मग सापडलेलं भुताचं जाळं बंदरावर आणणाऱ्याला निदान किलोमागे काही का देऊ नये? कासव अडकायच्या आधीच ते जाळं बाहेर आलेलं परवडणार नाही का?

माल निरुपयोगी नाहीये. नायलॉन 6 वितळवून किंवा रासायनिक पद्धतीने मोडून पुन्हा नवा धागा करता येतो. 2011 पासून एक इटालियन कंपनी जुन्या जाळ्यांपासून असा धागा विकते आहे. अडतं ते वेगळं करण्यापाशी. गाठी सोडवायला माणसाचे हात लागतात, आणि त्या हातांना मजुरी लागते.

गेल्या पावसाळ्यात बंदी होती, होड्या वर ओढलेल्या, दारोदारी जाळी विणण्याचं काम चालू. मी गावी जाऊन एवढंच केलं. मामाच्या पडवीत तीन गोण्या ठेवल्या. एक नायलॉनच्या तुकड्यांची, एक दोरांची, एक बाकी सगळ्याची. जाळी दुरुस्त करताना कापलेले तुकडे एरवी वाळूत पडायचे आणि भरतीबरोबर जायचे. ते गोणीत जायला लागले. शेजारच्या तीन होड्यांनीही टाकले. भंगारवाल्याने पहिल्या दोन गोण्या घेतल्या. तिसरी अजून पडवीत आहे. मामी विचारते, “ही कधी हलणार?”

ती गोणी ग्रामपंचायतीने उचलावी म्हणून अर्ज दिलाय. त्याचं काय झालं ते एखाद्या पुढच्या भागात सांगेन. ॲप मी बंद नाही केलं, पण त्यात आता पहिला प्रश्न वेगळा आहे. ‘जाळं कुठे दिसलं?’ नाही. ‘जाळं कुठे उतरवता येईल?’ सध्या त्या नकाशावर एकच ठिपका आहे, मामाची पडवी.

तुमचं गाव किनाऱ्यावर असेल, किंवा पुढच्या ट्रिपला मालवणला, अलिबागला, गोव्याला गेलात, तर बंदरावर एक प्रश्न विचारून या. इथे फाटकं जाळं आणलं तर घेतं कोण? उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा. मला दुसरा ठिपका हवाय.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.