वाफसा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. मी म्हणालो, मी मातीवर बोलेन. ते क्षणभर गप्प राहिले. तीस वर्षे कारखान्याच्या दारात सभा घेणाऱ्या माणसाला मातीतले काय कळते, असा प्रश्न त्यांच्या मनात आला असेल, तर तो रास्तच म्हटला पाहिजे. मी शेतकी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण थोडे फौंड्रीत झाले आणि थोडे वाचनालयाच्या बाकावर. परंतु माती म्हणजे काय हे मला प्रथम समजले ते शेतात नव्हे, फौंड्रीतच. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

आपल्या कोल्हापुरात फौंड्री कोणाला सांगावयास नको. साच्याची वाळू करताना वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि शेकडा तीन-चार भाग पाणी घालतात. मी सोळा वर्षांचा होतो, तेव्हा आमच्या मिस्त्रींनी माझ्या हातात ही वाळू दिली आणि म्हणाले, "मूठ आवळ. आता सोड. आता मोड बघू." गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, पण मोडताना तो कडेने स्वच्छ तुटला पाहिजे. भुगा झाला तर चिकटपणा कमी. रबरासारखा वाकला तर पाणी नाहीतर बेंटोनाइट जास्त. चौदाशे अंशांचे लोखंड साच्यात पडले की वाळूतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटीहून अधिक जागा मागते. त्या वाफेला वाळूच्या कणांमधून बाहेर पडायला वाट नसेल, तर ती लोखंडात शिरते आणि माल पोकळ निघतो. मी ज्या कारखान्यात होतो, तेथे असा माल निघाला की मोल्डरची मजुरी कापत. आमच्या युनियनची पहिली मागणी पगारवाढीची नव्हतीच. वाळू रोज तपासा आणि मग दोष कोणाचा ते ठरवा, एवढेच आमचे म्हणणे होते.

आता तुम्ही म्हणाल, ह्याचा शेतीशी काय संबंध? संबंध असा की, फौंड्रीत जो प्रश्न वाफेचा, तोच रानात हवेचा. ह्यासाठी आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेला, जादा पाणी खाली उतरले, ओल राहिली, पण मातीत हवाही शिरली, म्हणजे वाफसा आला. चांगल्या मातीच्या आकारमानात निम्म्याच्या आसपास खनिज आणि थोडा कुजलेला अंश असतो, आणि उरलेली निम्मी जागा रिकामी असते. त्या रिकाम्या जागेत निम्मे पाणी व निम्मी हवा, ही उत्तम स्थिती. आपण माती म्हणतो तिचा अर्धा भाग, अशा रीतीने, मातीच नाही. मुळे श्वास घेतात. ती जागा पाण्याने तुडुंब राहिली की दोन-चार दिवसांत आतली हवा संपते, नत्र वायू होऊन उडून जाते आणि भरपूर पाण्यात उभे असलेले पीक पिवळे पडते.

वाफसा लवकर येणारी आणि बराच काळ टिकणारी जमीन म्हणजे पोयट्याची जमीन. मातीत तीन आकाराचे कण असतात. डोळ्यांना दिसते ती वाळू. तिच्याहून बारीक, पिठासारखा गाळ. आणि मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही सूक्ष्म अशी चिकणमाती. ठोकळ मानाने वाळू ४०, गाळ ४० आणि चिकणमाती २० असे शंभरातले प्रमाण पडले की तो पोयटा. वाळू पाण्याला वाट देते, चिकणमाती ओल आणि अन्न धरून ठेवते. नुसती वाट असेल तर रान उपाशी राहते आणि नुसते धरून ठेवणे असेल तर गुदमरते.

अशी जमीन ओळखावी कशी? तीन-चार फूट खड्डा खणा. तळापर्यंत माती एकसारखी तपकिरी किंवा तांबूस असेल, तर तिच्यातल्या लोखंडाला हवा मिळते आहे. खाली करडा रंग आणि त्यात गंजासारखे ठिपके दिसले, तर तेथे वर्षातून काही महिने पाणी उभे राहते. आपल्या काळ्या रानात मात्र रंगावरून फसगत होते. तेथे खड्ड्यात पाणी ओतावे आणि ते किती वेळात उतरते ते पाहावे. मुळे पाहावीत. ती सरळ खाली गेली आहेत की दीड फुटावर आडवी वळली आहेत, हे पिकानेच लिहून ठेवलेले उत्तर असते.

पोयटा सगळीकडे एकाच रीतीने तयार होत नाही. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप ह्यांचा मोठा भाग वीस हजार वर्षांपूर्वी मैल मैल जाडीच्या बर्फाखाली होता. तो बर्फ सरकताना त्याने खालचा खडक घासला, दळला, आणि वितळताना दगडगोटे, वाळू, गाळ, चिकणमाती असे सारे एकत्र टाकून दिले. नदी आपला माल निवडून टाकते, बर्फ निवड करीत नाही. न्यूयॉर्क राज्यात ह्या मिश्रणात चुनखडीचा अंश आहे, आणि त्यातून हनीऑय नावाची खोल, उत्तम निचऱ्याची पोयट्याची जमीन तयार झाली. बर्फाची ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी चुनखडकावर बर्फाने ओढलेल्या दगडांचे ओरखडे आहेत. १८७५च्या सुमारास भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातल्या फेडन साहेबांनी त्यांची नोंद केली. पण तो बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा.

आपली कोल्हापूरची माती आगीतून आली. साडेसहा कोटी वर्षांमागे लाव्हा पसरला, त्याचा काळा दगड झाला आणि तो झिजून ही माती झाली. पण एकाच दगडाच्या जिल्ह्यात तीन तऱ्हा झाल्या. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडे पाऊस धो धो. त्याने दगडातले अन्न धुऊन नेले आणि तांबडा जांभा उरला. तेथे निचरा आहे, पण कस कमी. मधल्या पट्ट्यात आणि नदीकाठच्या मळईत पोयटा सापडतो. पूर्वेला शिरोळकडे पाऊस गगनबावड्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि माती खोल, काळी, भारी. ह्या काळ्या मातीतली चिकणमाती बेंटोनाइटच्याच कुळातली आहे. ओली झाली की फुगते आणि कणांतल्या वाटा बंद करते. हे वाचले, तेव्हा मिस्त्रींची मूठ मला आठवली. आमच्या वडिलांचे रान म्हणजे बेंटोनाइट जास्त झालेला साचाच होता.

ते दीड एकर रान जिल्ह्याच्या पूर्वभागातले. पूर्वी जोंधळा व्हायचा. मग नदीवरून उपसा योजनेचे पाणी आले आणि ऊस आला. पहिली काही वर्षे घरात आनंद होता. वडिलांनी पत्रे काढून कौले घातली. पाणी पाटाने येई आणि पाळी आली की रात्रभर सोडलेले असे. मिळते आहे तर द्या, असा हिशेब. पुढे खोडवा पिवळा पडू लागला. सखल कोपऱ्यात पाय रुतू लागला. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरे मीठ फुटले. आई म्हणायची, चुन्याने सारवल्यासारखं दिसतंय. मी तेव्हा शाळा सोडून कोल्हापुरात आलो होतो. आल्यावर जी मजुरी सांगितली ती घेतली, कारण परत जायला रान नव्हते.

हे मीठ आले कोठून? कोणी टाकले नाही. साधे गणित करून पाहू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. पाटाने दिलेला ऊस वर्षाला २ हजार मिलिमीटरपर्यंत पाणी सहज घेतो, म्हणजे एकरी ८० लाख लिटर. त्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार आहेत असे समजा; असे पाणी आपण गोडच म्हणतो. तरी वर्षाला ४ टन क्षार, म्हणजे ५० किलोची ८० पोती, एका एकरात येऊन पडतात. ऊस त्यातले थोडे घेतो. पाणी उन्हाने उडते, क्षार उडत नाहीत. खाली निचरा असेल तर ते पावसाबरोबर निघून जातात. निचरा नसेल तर भूजल वर येते, चार-पाच फुटांच्या आत आले की वातीतल्या तेलासारखे पृष्ठभागापर्यंत चढते, आणि मीठ वर आणून ठेवते. पुढे सोडियम वाढला की माती चोपण होते. मग जिप्सम घातल्यावाचून गत्यंतर नसते, आणि जिप्सम घालूनही वाट नसेल, तर मोकळा झालेला सोडियम जाणार कोठे?

हे ज्ञान नवे नाही. नीरा खोऱ्यात कालवा आला आणि पाठोपाठ मीठही आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे ह्यांनी १९१० साली नीरेच्या खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे आमच्या वडिलांचा जन्म होण्याच्या आधीच हे छापून झाले होते. त्यांच्यापर्यंत पाणी पोचले, पुस्तिका पोचली नाही.

उपायही जुनाच आहे. ज्या न्यूयॉर्क राज्यातल्या उत्तम पोयट्याविषयी मी बोललो, त्याच भागात उताराच्या पायथ्याशी, त्याच बर्फाने टाकलेल्या मातीत, पाणी साचून राही. तेथे जॉन जॉन्स्टन नावाच्या, स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने १८३०च्या दशकात भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली पुरल्या. पाणी निघून गेले आणि गहू आला. आज आपल्याकडे भोके पाडलेले प्लॅस्टिकचे पाईप चार-पाच फूट खोल पुरतात, गाळाने भोके बुजू नयेत म्हणून त्यांना जाळीचे वेष्टण असते, आणि ते सारे एका मोठ्या पाईपला जोडून पाणी नाल्यात सोडतात. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शिरोळ तालुक्यात हजारो एकरांवर हे काम हाती घेतले गेले आहे. मेलेली म्हणून सोडून दिलेली राने तेथे पुन्हा पिकली आहेत.

आणि आता मी माझ्या विषयावर, म्हणजे संघटनेवर येतो. पाणी आणता येते एकट्याला. पैसे असले की विहीर खणा, पाईपलाईन टाका. पण पाणी काढता येत नाही एकट्याला. कारण नाला माझ्या बांधाला लागून नसतो. माझे पाणी खालच्या माणसाच्या रानातून जाणार, त्याचे त्याच्या खालच्याच्या. आमच्या भावकीत आणि शेजाऱ्यांत मिळून अकरा जणांची राने अशी बिघडली होती. दहा तयार झाले, सर्वांत खालचा मात्र म्हणाला, माझ्या रानातून पाईप जाऊ देणार नाही. लोकांनी त्याला आडमुठा ठरवले. धाकट्या भावाने मला बोलावले, म्हणाला, "दादा, तू मालकांशी बोलतोस, ह्याच्याशी बोल." मी जाऊन त्याच्या पडवीत बसलो. दोन तासांनी कळले की, सगळ्यांचे खारे पाणी आपल्या विहिरीशेजारी सुटेल, ही त्याची धास्ती होती. आणि आराखडा पाहिला तर तसेच होणार होते! मग मोठा पाईप नाल्यापर्यंत पुढे नेला आणि वाढीव खर्च अकरा जणांनी वाटून घेतला. दोन पावसाळे गेले, मीठ धुतले गेले. तिसऱ्या वर्षी भावाने हरभरा केला आणि मला फोनवर एवढेच म्हणाला, "वाफसा आलाय."

ह्यात दोन गोष्टी मी झाकून ठेवणार नाही. एक, पाईपातून निघालेले क्षार नाहीसे होत नाहीत. ते नाल्यातून नदीत आणि खालच्या गावाकडे जातात. म्हणून आधी पाणी मोजून देणे, ठिबक करणे, फेरपालट करणे हे खरे. पाईप हे नंतरचे औषध. दुसरी, ह्या चर्चेत फक्त सातबाऱ्यावर नाव असलेला बसतो. भांगलणारी बाई, ऊसतोडणीचा मजूर, कारखान्यातला हंगामी कामगार ह्यांची भाकरीही त्याच मातीवर आहे, पण त्यांना कोणी विचारीत नाही. आणि आम्ही युनियनवाल्यांनीही विचारले नाही, हे मी कबूल करतो. आम्ही पगाराचे करार केले, बोनसचे केले. पण एक रान चिबड झाले की एक तरुण कारखान्याच्या दारात येतो आणि आत आहे त्याच्याहून कमी मजुरीवर उभा राहतो, हे मला स्वतःच्या उदाहरणावरूनही फार उशिरा उमगले. जमिनीचा निचरा हा कामगारांचाही प्रश्न आहे, तो ह्यामुळे.

तेव्हा माझी विनंती लहानशी आहे. आपल्यापैकी ज्यांचे रान आहे त्यांनी ह्या उन्हाळ्यात एक खड्डा खणून पाहावा, आणि खालच्या बांधावरच्या शेजाऱ्याला तो पाहायला बोलवावे. ज्यांचे रान नाही त्यांनी गावच्या सभेत, कारखान्याच्या सभेत, निचऱ्याचे काय झाले, हे विचारावे. आमच्या मिस्त्रींनी वाळूची मूठ तपासायला शिकवली, तेव्हा दोष मोल्डरचा नसून वाळूचा आहे, हे आम्हाला मालकाला दाखवून देता आले. वडील मात्र शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले. त्यांच्या हातात अशी मूठ कोणी दिली नव्हती.