पेटीत तवा घेतला, तपासणी घेतली का?



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो. आम्ही बचत गटातल्या बाया पत्र्याच्या पेटीत तवा, पीठ, लेकरांचे कपडे आठवणीनं भरतो. दवाखान्याची फाईल मात्र फळीवरच राहते.

आमच्यातल्या एकीचं फडावर ओटीपोट दुखायला लागलं. आधीचा सीटी स्कॅन गावी. घरच्यांनी फिल्मचा फोटो मोबाईलवर पाठवला, तर त्यात ट्यूबलाईटच जास्त दिसत होती! डॉक्टर म्हणाले, "यावरून मी काय सांगू?" पुन्हा स्कॅन, पुन्हा पैसे, वर दोन दिवसांचा खाडा.

तेव्हा आम्हाला कळलं की सीटी किंवा एमआरआय म्हणजे एकच फोटो नसतो. शरीराच्या आतली पुष्कळ चित्रं असतात. फिल्मवर त्यातली थोडीच छापतात. सगळी चित्रं 'डायकॉम' प्रकारच्या फाईलमध्ये असतात. डॉक्टर ती कॉम्प्युटरवर मागंपुढं सरकवून, मोठी करून, गाठ मोजून बघतात.

म्हणून तपासणी झाली की तिथंच सांगायचं, "रिपोर्टसोबत सगळी चित्रं सीडीत किंवा पेनड्राईव्हवर द्या." बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये सीडी चालत नाही, म्हणून ती पेनड्राईव्हवर उतरवून घ्या. उतरवताना अख्खं फोल्डर घ्या, त्यातली चार चित्रं निवडू नका. त्या पेनड्राईव्हवर गाणी, सिनेमे भरू नका, व्हायरस शिरतो. दुकानात उतरवलं तर आपल्यासमोर तिथल्या कॉम्प्युटरवरून पुसायला लावा. आपल्या पोटाची चित्रं गावाला कशाला?

हे आपल्याला का हवं? २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी बीडवरून देशभर गेली. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल," एवढ्या शब्दावर कितीतरी तरुण बाया टेबलावर गेल्या होत्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं कुणाला सुचलं नाही, आणि दाखवायला हातात काही नव्हतंही.

सोनोग्राफी दुसरा डॉक्टर बहुधा पुन्हा करतो, तरी जुनी चित्रं जपा. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुन्या-नव्याची तुलना केल्यावरच कळतं. ऑपरेशन सांगितलं आणि जीवाला लगेच धोका नसेल, तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा आणि पेनड्राईव्ह पुढं ठेवा. कागद मागायला लाजू नका. २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात.

आम्ही आता दोन प्रती करतो. एक घरी, एक नाव लिहून पिशवीत. कागदी रिपोर्टही सोबत. कोयता घेताना आता एकमेकींना विचारतो, "बाई, तपासणी घेतली का?" तुम्हीही विचारा.